थापटण्याची परीक्षा

आवडत्या लेखकाला वा गायकाला प्रत्यक्ष भेटावे, की दुरूनच नमस्कार करावा, याविषयी रसिकांत दोन मते आहेत. काहींच्या मते कलावंत त्याच्या कृतीत असतो तेवढाच खरा. समोर चहाचा पेला घेऊन बसलेला माणूस दुसराच कोणी असतो. इतरांना मात्र त्या माणसाच्या पायांना हात लावल्यावाचून, निदान पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याची स्वाक्षरी असल्यावाचून वाचनाचे पुण्य पदरात पडले असे वाटत नाही. उमेदीच्या वयात मी या दुसऱ्या पंथाचा होतो. पुढे अनुभवाने ध्यानात आले, की भेट घडली की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. त्या भेटीत परीक्षा कोणाची झाली, हा खरा प्रश्न. आपण समजतो, की आपण थोरांना पाहून आलो. वास्तविक त्यांच्या सान्निध्यात आपलाच कस लागलेला असतो.

ज्या मातीत ही गोष्ट मराठी मनाला पहिल्यांदा सांगितली गेली, त्या धाराशिव जिल्ह्यात माझे आयुष्य गेले. म्हणून प्रारंभ तेरपासून करतो.

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या मूर्ती येथील पांढरीत सापडल्या आणि आज त्या गावातील लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. मातीला आकार देण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या गावात तेराव्या शतकात गोरोबा कुंभार झाले, यात मला एक प्रकारची संगती दिसते. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यातील ते वयाने वडील. म्हणून सगळ्यांचे ‘काका’.

परंपरा सांगते, की एकदा संतमंडळी एकत्र जमली असता गोरोबाकाकांना विचारण्यात आले, ‘तुम्ही मडक्यांचे जाणकार. यातली भाजलेली किती आणि कच्ची किती, ते सांगा पाहू.’ काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारीत ते पुढे निघाले. सगळे मुकाट बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना तो अपमान वाटला व त्यांनी तो बोलून दाखवला. काकांनी निकाल दिला: हे मडके कच्चे आहे.

या कथेकडे इतिहास म्हणून न पाहता समीक्षेचा एक पाठ म्हणून पाहावे, असे मला वाटते. नामदेव काही सामान्य आसामी नव्हते. खुद्द विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, अशी त्यांची ख्याती. शिवाय ते कवी होते आणि वारकरी कीर्तनाचे आद्य प्रवर्तकही मानले जातात. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या मेळ्यातले ते प्रयोगशील संगीतकार होते. गोरोबांनी त्यांच्या अभंगात दोष काढला नाही, की त्यांच्या गळ्याला नावे ठेवली नाहीत. उणे निघाले ते एवढेच, की टोला बसताच त्यांना आपले मोठेपण आठवले.

यात कुंभारकामाची एक खूण आहे. मडके भाजले की नाही हे आवाजावरून कळते. भाजलेले खणखणते, कच्चे बद्द वाजते. पण थापटणे हे मूळचे पारखण्याचे साधन नव्हे. चाकावरून उतरलेल्या ओल्या मडक्याला आतून एका हाताने आधार द्यायचा आणि बाहेरून थापटण्याने हलके ठोकीत त्याला घाट आणायचा, यासाठी ते असते. म्हणजे गोरोबांच्या हातात मडके फोडायचे नव्हे, घडवायचे हत्यार होते. यिर्मया संदेष्ट्यालाही देवाने कुंभाराच्या घरी पाठवले होते, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. बिघडलेली माती तेथे फेकून दिली जात नाही. तिचे पुन्हा नवे पात्र होते.

नामदेवांचे पुढे काय झाले, ते प्रसिद्ध आहे. ते विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले. पुढे उत्तरेत पंजाबपर्यंत पोहोचले. त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ज्या घुमानला त्यांचे वास्तव्य झाले, तेथे २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्या फजितीची ही कथा त्यांच्या भक्तांनी झाकून ठेवली नाही. मोठ्या भक्तिभावाने ती सांगितली जात राहिली. ज्याला कच्चे ठरवले त्याचेच गाणे सर्वांत लांब गेले.

आता माझ्या दुसऱ्या भेटीकडे वळतो. ही भेट मी न भेटलेल्या गायकाशी झाली.

१९८०च्या दशकात आमच्या गावी बदलून आलेल्या एका शिक्षकांना गाण्याचा नाद होता. त्यांच्याकडे कॅसेटचा मोठा संग्रह असे. भीमसेन जोशींची अभंगवाणी ऐकून तृप्त झालेल्या मला त्यांनी एके दिवशी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनांची कॅसेट दिली. घरी येऊन लावली, तर स्वर मध्येच उंच झेपावे आणि तुटे. मग शांतता. पुन्हा एक लहानशी लकेर, पुन्हा शांतता. मला वाटले, फीत ढिली झाली आहे. कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीने फीत घट्ट गुंडाळली आणि पुन्हा लावली. तेच! दुसऱ्या दिवशी मी ‘कॅसेट खराब आहे’ असे सांगून ती परत केली. गुरुजी हसले आणि म्हणाले, ‘‘फीत ठीक आहे. कान तेवढे दुरुस्त करून घे.’’

मला राग आला होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

त्या तुटलेल्या स्वरांमागचा इतिहास मला पुढे कळला. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली लहानपणी थोरथोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत. लोक थक्क होत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्या वयातली. पुढे मुंबईस बी. आर. देवधरांपाशी त्यांचे रीतसर शिक्षण झाले. आणि ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. माळव्यातील देवास येथे ते अंथरुणाला खिळले. वैद्यांनी गाण्याची मनाई केली. पाच-सहा वर्षे तो गळा मुका होता. त्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने ऐकली. १९५०च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एका फुप्फुसाच्या बळावर गात होते. लोकधुनांतून त्यांनी नवे राग सिद्ध केले आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या बंदिशी प्रकाशित केल्या. घराण्यांच्या चौकटीत त्यांचे गाणे बसेना; त्यावर जाणकारांत वाद झाले.

मी ज्याला फितीचा दोष समजलो तो त्या गायकाच्या श्वासाचा हिशेब होता. एवढेच म्हणून थांबलो तर मात्र पुन्हा चूक होईल. दुबळ्या फुप्फुसाची अडचण त्यांनी नुसती सोसली नाही; दोन स्वरांमधील शांततेला त्यांनी अर्थ दिला. दुसऱ्यांच्या गायकीचे हुबेहूब अनुकरण करणारा बालगायक आव्यात पडला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा नाद केवळ त्याचा होता. नामदेवांच्या कथेशी याचे किती साम्य आहे!

कुमारांच्या एका कार्यक्रमाचे नाव होते ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. बालगंधर्व हे अवघ्या महाराष्ट्राचे दैवत. त्यांची नक्कल करणारे गावोगाव होते, आणि अनुकरणात तर कुमारांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांनी नक्कल केली नाही. केवळ आरतीही ओवाळली नाही. मला हा थोर गायक जसा कळला तसा मी माझ्या गळ्यातून मांडतो, असे ते म्हणाले. आवडत्या कलावंताला भेटण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. त्यात आदर आहे, आणि स्वतःची जबाबदारीही आहे.

आपल्या उपासनेतील संगीताचा विचार करताना हा शब्द मला वारंवार आठवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) ख्रिस्तयाग मातृभाषेत आला. पेटी, तबला, टाळ वेदीजवळ आले. प्रयोगाला दार उघडले. परंतु नवे वाद्य आणले म्हणजे प्रयोग झाला, असे नव्हे. मीही एका नाताळात आमच्या गायकवृंदासाठी एक गीत ‘बसवले’ होते. म्हणजे एका चालू चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बेतले होते. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई जवळ येऊन कौतुकाने म्हणाल्या, ‘‘लेकरा, लई गोड वाटलं. पर हे गाणं कुठं तरी ऐकल्यावानी वाटतंय बघ.’’ त्या माउलीच्या हाती थापटणे नव्हते, पण टोला बरोबर बसला.

याउलट फादर थॉमस स्टीफन्सचे उदाहरण घ्या. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीटाने येथील पुराणग्रंथांची भाषा, त्यांची ओवी, त्यांची कथा सांगण्याची लय आत्मसात केली आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्याने ओवीचे केवळ कपडे घातले असते, तर चारशे वर्षांनी अभ्यासकांनी तो ग्रंथ उघडला नसता. परक्या मुलखातील कवींना तो त्यांच्या ग्रंथांतून भेटला आणि ते त्याला उमजले.

तिसरी भेट मात्र प्रत्यक्ष, माझ्याच जिल्ह्यात, माझ्या डोळ्यांदेखत झाली. तिच्याविषयी लिहिणे मला सर्वांत अवघड जात आहे.

१०, ११ व १२ जानेवारी २०२० रोजी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात भरले. संमेलननगरीला गोरोबाकाकांचेच नाव दिलेले होते. उद्घाटक होते रानकवी ना. धों. महानोर आणि अध्यक्षस्थानी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदाचा मान मिळालेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीनंतर काही संघटनांनी विरोध केला होता. पाठीच्या दुखण्याने फादर बेजार होते. तरीही ते आले. साहित्यिकाने अन्यायाकडे पाठ फिरवू नये, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती.

मंडपात आम्ही ओळखीची पाच-सात ख्रिस्ती माणसे एका रांगेत बसलो होतो. आमच्या भागात ख्रिस्ती घरे विखुरलेली. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर ‘आपला माणूस’ पाहून ऊर भरून आला होता. पिशवीत मी ‘सुबोध बायबल’चा जाडजूड ग्रंथ आणला होता, स्वाक्षरीसाठी. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. अगदी खेड्यातले, धोतर-टोपीतले वारकरी गृहस्थ. माझ्या मांडीवरचे पुस्तक पाहून त्यांनी बोलणे काढले. त्यांनी वाचनालयातून आणून फादरांचे ‘ओअॅसिसच्या शोधात’ वाचले होते. त्यांनी मला विचारले, ‘‘तुम्ही तर त्यांच्या जवळचे. फादरांच्या लिखाणातलं तुम्हाला काय पटलं नाही?’’

मी उत्तरलो, ‘‘ते आमचे धर्मगुरू आहेत.’’ आवाजात धार आली होती. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. व्यासपीठाकडे पाहू लागले.

त्यांनी काय पटले, असे विचारले असते तरी मजपाशी उत्तर नव्हते. त्या जाड ग्रंथातील शुभवर्तमानांची काही पाने सोडली, तर बाकीचा मी उघडलाही नव्हता. टाळ्या मात्र मोजीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तेरला जाऊन गोरोबाकाकांच्या समाधिमंदिरात उभा राहिलो, तेव्हा कालचा टोला कुठे बसला ते समजले. मडके कच्चे होते. स्वाक्षरी घेण्यास मी परत गेलोच नाही.

त्यानंतर मी फादरांना वाचू लागलो. शेजारच्या त्या वारकऱ्याने वाचले तसे. आज मला जे उमजले ते थोडक्यात मांडतो.

फादरांचे गद्य बोलणाऱ्या माणसाचे गद्य आहे. वाक्ये लहान, अर्थ स्वच्छ, समोर श्रोता बसला आहे याचे भान सतत जागे. १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादन करताना आणि हरित वसईच्या लढ्यात लोकांपुढे उभे राहताना ही शैली घडली असावी. चर्चच्या चार भिंतींतील परिभाषा ओलांडून मराठी वाचकाशी त्याच्या भाषेत बोलणे, ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. ज्ञानदेव-तुकारामांना ते पाहुण्यासारखे बोलावीत नाहीत. ती त्यांच्या घरचीच माणसे असतात. राजहंस प्रकाशनाने २०१० साली काढलेल्या ‘सुबोध बायबल’ने हा ग्रंथ ख्रिस्तेतर घरांत नेला आणि त्याला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात इस्राएल-पॅलेस्टाइनचा प्रश्न येतो. तेथे विषयच असा, की लेखकाला झटपट निष्कर्षावर येता येत नाही. आणि म्हणून तेथील लेखक मला अधिक जवळचा वाटतो.

आता न पटलेले. त्यांच्या ललित लेखनात काही वेळा बोध लवकर येतो. एखादे झाड, एखादा वाटसरू डोळ्यांपुढे पुरता उभा राहण्याआधीच त्याचे तात्पर्य हाती पडते. प्रवचनकार लेखकाचा हात धरून त्याला पुढे ओढतो आहे, असे वाटते. कुमारांच्या गाण्यातील शांतता जेथे हवी, तेथे वाक्य येते. दुसरा प्रश्न सुबोधतेचा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अवघे बायबल एकटीने मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या भाषांतराशेजारी फादरांचे भाषांतर ठेवून, सुबोध होताना मुळातील काव्याचा राकटपणा कोठे टिकला आणि कोठे गुळगुळीत झाला, हे ओळीला ओळ लावून पाहावयास हवे. हे काम विद्यापीठाने करण्याआधी आपण का करू नये?

‘आपल्याच माणसाचे दोष कशाला काढायचे?’ असे काही वाचक म्हणतील. त्या दिवशी मंडपात मीही हेच म्हणालो होतो. संख्येने लहान असलेल्या समाजाला आपल्या लेखकाभोवती कुंपण घालावेसे वाटते, हे मी समजू शकतो. विरोधाच्या वातावरणात तर अधिकच. परंतु कुंपणात ठेवलेला लेखक वाचला जात नाही, त्याची केवळ तसबीर होते. थापटण्याच्या टोल्यामागे आतल्या बाजूने आधाराचा हात असतो, हे गोरोबांच्या गावी तरी विसरता कामा नये. ज्या टीकेला आतून असा हात नाही ती मडके फोडते. आणि ज्या प्रेमाला बाहेरून टोला देण्याचे धैर्य नाही त्या प्रेमातून घाट येत नाही.

२५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो प्रभूघरी गेले. त्याआधीच, ऑगस्ट २०२३ मध्ये, महानोरही गेले होते. ती संध्याकाळ ज्यांनी अनुभवली त्यांच्यापाशी आता छायाचित्रे उरली. आमच्या लहानशा वाचनालयात फादरांच्या तसबिरीला हार घातला गेला तेव्हा मी कपाटातील त्यांची पुस्तके काढून पाहिली. मागच्या कागदावर नेणाऱ्यांच्या तारखा असतात. दोन पुस्तकांवर एकही तारीख नव्हती.

माझ्याकडील ‘सुबोध बायबल’चे पहिले पान कोरेच आहे. एके काळी त्याची हळहळ वाटे. आतील पानांच्या समासात मात्र पेन्सिलीच्या खुणा वाढत चालल्या आहेत. काही बरोबरच्या, काही प्रश्नचिन्हाच्या. त्या मुख्याध्यापकांची पुन्हा गाठ पडली नाही. पडली, तर त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ आता उत्तर आहे, आणि त्यांचे कोणते पान पटले नाही हे त्यांना विचारायचेही आहे.